नोंद बिघडते कुठे? ऑस्ट्रेलियातल्या मराठी सर्व्हेअर-इंजिनिअरांना खुलं पत्र

प्रति,
मेलबर्न, सिडनी, पर्थ आणि त्यापलीकडे सर्व्हे, रस्ते, प्लॉटिंग, पाइपलाइन, ड्रिलिंग आणि खाणकामात असलेले मराठी सहकारी

सप्रेम नमस्कार.

मेलबर्नच्या पश्चिमेला मेल्टन-विंडमकडच्या नव्या वसाहती असोत की वेस्टर्न ऑस्ट्रेलियात पिलबरातल्या खाणी, जमिनीवरच्या कामांत आज मराठी माणसं ठिकठिकाणी भेटतात. कुणी सेट-आउट करतं, कुणी ड्रेनेज डिझाइन करतं, कुणी क्लायंटच्या बाजूनं वेळापत्रक सांभाळतं. या सगळ्यांच्या हातात कधी ना कधी हेरिटेजचा कागद येतो आणि बहुतेकदा तो कामातला खोळंबा म्हणूनच वाचला जातो. आम्ही त्या कागदाच्या दुसऱ्या टोकाला काम करतो. ॲबोरिजिनल वारसास्थळं शोधून, मोजून, सरकारी रजिस्टरला नोंदवणं हे आमचं काम. तुमच्या फायली आमच्या नोंदीत उतरतात आणि आमच्या नोंदी तुमच्या ड्रॉइंगवर येतात. या ये-जा करण्यात ज्या चुका होतात, त्यांतल्या बऱ्याचशा तुम्ही जागच्या जागी पकडू शकता. त्यासाठी हे पत्र.

सगळ्यात आधी सातबारा डोक्यातून काढा. सातबाऱ्यावर नाव नसलं की हक्क सांगणं अवघड, ही आपली सवय. इथलं वारसा रजिस्टर तसं चालत नाही. न्यू साउथ वेल्सचा १९७४चा नॅशनल पार्क्स अँड वाइल्डलाइफ कायदा किंवा व्हिक्टोरियाचा २००६चा ॲबोरिजिनल हेरिटेज कायदा, दोन्हींत संरक्षण वस्तूला (व्हिक्टोरियात जागेलाही) आहे, मग तिची नोंद झालेली असो वा नसो. नॉर्दर्न टेरिटरीत १९८९च्या कायद्यानं पवित्र स्थळांनाही तसंच. न्यू साउथ वेल्सच्या एएचआयएमएस या ॲबोरिजिनल वारशाच्या सरकारी रजिस्टरवर लाखाहून जास्त स्थळं आहेत. तिथला फुकट शोध फक्त आकडा देतो: तुम्ही निवडलेल्या परिसरात इतकी स्थळं. शून्य आलं की प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ‘साइट क्लिअर’ असं लिहून मोकळं होणारे आहेत. शून्याचा खरा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो, की तिथे आजवर कुणी पाहायलाच गेलेलं नाही. रजिस्टरच्या नकाशावरचे ठिपके नीट पाहिलेत तर ते महामार्ग, वीजवाहिन्या आणि नवी उपनगरं यांच्या कडेनं दाटलेले दिसतील. लोक काही फक्त हायवेच्या कडेनं राहत नव्हते. सर्व्हे जिथे झाले तिथे ठिपके पडले.

संपूर्ण देशासाठी एकच रजिस्टर नाही, प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा, फॉर्म वेगळा, शब्द वेगळे. सिडनीत शिकलेलं पर्थमध्ये तसंच्या तसं वापरायला जाऊ नका.

आता तुमच्या जिव्हाळ्याचा विषय: को-ऑर्डिनेट्स. नोंदींमधली सगळ्यात महाग चूक इथे होते.

जुन्या नोंदी कागदी नकाशांवरून झाल्या. १ : १,००,००० च्या शीटवरून सहा आकडी ग्रिड रेफरन्स काढायचा, म्हणजे शंभर मीटरच्या चौकोनाचा नैर्ऋत्य कोपरा. पुढे कुणीतरी त्या आकड्यांना दोन-दोन शून्यं जोडून ते संगणकात भरले आणि तो कोपरा अचूक बिंदूसारखा दिसू लागला. ईस्टिंग आणि नॉर्दिंग दोन्ही ‘००’ने संपत असतील तर ती नोंद जीपीएसची नाही असं धरून चाला. दुसरं, ते नकाशे एजीडी ६६ या जुन्या डेटमवर (को-ऑर्डिनेट्स ज्या पायावरून मोजतात तो) होते. तेच आकडे जीडीए ९४ या नंतरच्या डेटमचे समजून टाकले की ठिपका सुमारे २०० मीटर सरकतो. आणि आधीच दुरुस्त झालेल्या नोंदीला कुणी उत्साहानं पुन्हा एकदा दुरुस्त केलं, तर तो दुसऱ्या बाजूला २०० मीटर जातो. असे ठिपके आम्हाला धरणाच्या पाण्यात, खेळाच्या ओव्हल मैदानाच्या मधोमध, शेजाऱ्याच्या स्विमिंग पुलात सापडतात.

२०० मीटर म्हणजे किती मोठी गोष्ट, ते व्हिक्टोरियाच्या नियमांतून कळतं. नोंदलेलं स्थळ आणि त्याभोवतीची ५० मीटर जमीन ही तिथे ‘सांस्कृतिक वारसा संवेदनशील क्षेत्र’ ठरते. ठिपका २०० मीटर चुकला तर ५० मीटरचं कवच भलत्याच जमिनीभोवती पडतं आणि खरी जागा स्वतःच्याच संरक्षणाच्या बाहेर राहते. कन्सल्टंटनं नियमाप्रमाणे तपासलेलं असतं, इंजिनिअरनं नियमाप्रमाणे अंतर सोडलेलं असतं आणि तरी एक्सकॅव्हेटर नेमका तिथेच उतरतो.

झोनची, म्हणजे नकाशाच्या ग्रिडमधल्या उभ्या पट्ट्याची, चूक त्या मानानं सोपी. मेलबर्न झोन ५५ मध्ये आणि बॅलारॅट ५४ मध्ये, कारण १४४ अंश रेखांश दोघांच्या मधून जातो. पिलबरात न्यूमन झोन ५० मध्ये आहे, पण थोडं पूर्वेला सरकलं की १२० अंशांवर ५१ सुरू होतो. झोन चुकला की ठिपका शेकडो किलोमीटर उडतो, म्हणून कुणाच्या तरी लक्षात येतंच. दोनशे मीटर कुणाच्या लक्षात येत नाहीत. जीडीए ९४ आणि जीडीए २०२० मधला फरक सुमारे १.८ मीटर. तुम्ही म्हणाल, मोबाइलच्या जीपीएसची चूकच पाच-दहा मीटर असते, मग याची काय मातब्बरी! माळावरच्या दगडी अवजारांच्या पसाऱ्याला तो फरक खपतो. एका झाडाच्या बुंध्याभोवती कुंपण घालायचं असेल, किंवा डोझरच्या मशीन कंट्रोलमध्ये ‘नो-गो’ची हद्द टाकायची असेल, तेव्हा तो खपत नाही.

म्हणून प्रत्येक बिंदूबरोबर चार गोष्टी लिहा: डेटम, झोन, उपकरण आणि त्याची अचूकता, आणि शब्दांत ठिकाण. ‘ओढ्याच्या उत्तर काठावर, कुंपणाच्या कोपऱ्यापासून अंदाजे ३० मीटर पश्चिमेला’ हे वाक्य आकड्यांपेक्षा जास्त टिकतं. आकडे चुकले तर याच वाक्यावरून जागा परत सापडते. दिशाही सांभाळा. मेलबर्न-सिडनीत होकायंत्र खऱ्या उत्तरेपासून दहा अंशांहून जास्त पूर्वेला सरकलेलं असतं. स्केचवर कुठली उत्तर वापरलीत ते लिहा.

बिंदूनंतर हद्द. रजिस्टरमधले बहुभुज पाहताना एक गंमत दिसते, गंमत म्हणायची तर. स्थळाची एक बाजू वेडीवाकडी, ओढ्याच्या वळणाप्रमाणे, आणि दुसरी बाजू सरळ रेषेत कापलेली. ती सरळ रेषा म्हणजे प्रोजेक्टची सीमा. हजार वर्षांपूर्वी दगड फोडणाऱ्या माणसाला तुमच्या लॉटचं कुंपण ठाऊक नव्हतं. सर्व्हे तिथे थांबला, म्हणून स्थळ तिथे ‘संपलं’. पुढे शेजारचा लॉट विकला जातो, तिथला कन्सल्टंट नकाशा पाहतो आणि स्थळ शेजारीच संपलंय म्हणून निर्धास्त होतो. अशा कडेवर ‘पुढे तपासलेलं नाही’ एवढे तीन शब्द लिहिले पाहिजेत. तुमच्याकडे पोचलेल्या फायलीत ते नसतील तर विचारा.

फाइल फिरताना होणारे अपघात वेगळेच. पॉलिगॉन एक्सपोर्ट करताना त्याचा मध्यबिंदू तेवढा उरतो आणि तीनशे मीटर लांब स्थळाचं एका खिळ्यात रूपांतर होतं. हेरिटेज लेअर प्रिंटच्या वेळी फ्रीझ केलेला, म्हणजे लपवलेला असतो. सगळ्यात वारंवार घडणारं म्हणजे रिव्हिजन ‘ए’वर काढलेली नो-गो हद्द रिव्हिजन ‘एफ’पर्यंत तशीच जाते आणि मधल्या काळात पाइपलाइनची अलाइनमेंट बारा मीटर सरकलेली असते. हद्दीच्या ड्रॉइंगवर तारीख आणि ती कुठल्या अलाइनमेंटवर तपासली, हे दोन्ही लिहिलेलं हवं.

‘आम्ही साइट चालून पाहिली, काही दिसलं नाही’ हे वाक्यही फार स्वस्त झालंय. किती दिसत होतं, ते सांगा. चार हेक्टरचं, म्हणजे ४०,००० चौरस मीटरचं शेत घ्या. पावसाळी ओढ्यांनी किंवा जनावरांच्या वाटांनी उघडी पडलेली जमीन त्यातली २० टक्के, आणि त्या उघड्या भागातही गवत-पाचोळा सोडून खरी माती दिसते १० टक्के. गुणाकार करा: ८०० चौरस मीटर. तुम्ही चार हेक्टर चाललात आणि दोन टक्के पाहिलंत. हा हिशेब न्यू साउथ वेल्सच्या अहवालांत मांडावाच लागतो आणि बाकी कुठेही मांडायला हरकत नाही.

जमिनीखाली पाहायचं तर चाचणी खड्डे. न्यू साउथ वेल्सच्या २०१०च्या संहितेप्रमाणे खड्डा ५० बाय ५० सेंटिमीटरचा, पहिला खड्डा ५-५ सेंटिमीटरच्या थरांनी, त्यातून मातीचा अंदाज आला की पुढचे १० सेंटिमीटरच्या थरांनी, आणि सगळी माती ५ मिलिमीटरच्या चाळणीतून. सगळ्या खड्ड्यांचं क्षेत्रफळ मिळून तपासायच्या जागेच्या अर्ध्या टक्क्याच्या वर जाता कामा नये. कामाचा चुथडा होतो तो चिकणमातीत: ढेकळं चाळणीवर तशीच फिरवून टाकून दिली जातात आणि नखाएवढ्या चिपा ढेकळात राहतात. पाण्यानं चाळा, किंवा हातानं फोडा. त्याला वेळ लागतो, तो वेळापत्रकात आधीच धरा. आणखी एक: साइटवर सगळ्यांच्या आधी पोचतं ते जिओटेकचं यंत्र. ‘आम्ही फक्त बोअर मारतोय’ असं म्हणून त्याला या सगळ्यातून कुणी सूट दिलेली नाही.

‘हे शेत शंभर वर्षं नांगरलंय, आता काय उरलंय?’ हा आवडता युक्तिवाद व्हिक्टोरियात टिकत नाही. तिथल्या नियमांत ‘लक्षणीय उलथापालथ’ म्हणजे यंत्रानं केलेली खोदाई, सपाटीकरण वगैरे. साधी नांगरणी त्यात येत नाही. येते ती ६० सेंटिमीटर किंवा त्याहून खोल केलेली रिपिंग, म्हणजे जमीन खोलवर फाडणारी नांगरट. जमीन आधीच उलथली गेली होती असं दाखवायचं असेल तर जुनी हवाई छायाचित्रं, भरावाची खोली दाखवणारे बोअर लॉग, कामाची ड्रॉइंग्ज आणा. तो पुरावा तुमच्याच कपाटात असतो.

आता प्रत्यक्ष वस्तू. सगळे प्रकार इथे मावणार नाहीत, पण एक सविस्तर घेऊ, कारण त्यात सर्व्हेअरांचाच हात असतो: साल काढलेली झाडं.

होडीसाठी, ढालीसाठी, उथळ परातीसारख्या भांड्यासाठी रिव्हर रेड गम, ग्रे बॉक्स अशा झाडांची साल अखंड सोलून काढत. झाड मरत नसे. जखमेच्या कडांनी नवी वाढ आत वळत येते आणि कोरडं खोड मधे उघडं राहतं. नोंदवायचं ते असं: व्रणाची लांबी-रुंदी, कडांच्या वाढीची जाडी, व्रणाचं खालचं टोक जमिनीपासून किती उंच, तो कुठल्या दिशेला तोंड करून आहे, झाडाचा छातीच्या उंचीवरचा घेर, झाडाची जात, जिवंत की वठलेलं, आणि कुऱ्हाडीच्या खुणा असल्यास त्या दगडी पात्याच्या की लोखंडी. फांदी तुटून झालेली जखम वरच्या बाजूला फाटलेली असते. वणव्याची जखम बहुधा बुंध्याशी रुंद, वर निमुळती आणि जमिनीला टेकलेली. ट्रकनं घासलेली बंपरच्या उंचीला, रस्त्याच्या बाजूला. आणि मग जुन्या मोजणीदारांनी हद्द दाखवायला साल तासून केलेल्या खुणा. त्यांत बऱ्याचदा बाण किंवा आकडे कोरलेले सापडतात. वाढ आत वळली की कोरलेलं झाकलं जातं आणि दोन्ही प्रकार सारखे दिसू लागतात. जुने सर्व्हे प्लॅन तुम्ही आमच्यापेक्षा लवकर काढू शकता. संशयास्पद झाड हद्दीच्या कोपऱ्यावर येतं का, एवढं तपासून सांगितलंत तरी वाद मिटतो. उलटही खरं: ‘हा आपल्याच मोजणीचा ब्लेझ (तासलेली खूण)’ म्हणून झाड तोडायला देण्याआधी तो प्लॅनवर खरोखर आहे का, ते पाहा.

दगडी अवजारांचं थोडक्यात. मेलबर्नच्या पश्चिमेच्या बेसॉल्टच्या माळावर सिल्क्रीट किंवा क्वार्ट्झची चीप दिसली, की ती कुणीतरी तिथे आणलेली असण्याची शक्यता मोठी. घाव बसलेली सपाट कड, तिच्याखालचा फुगवटा, त्यातून पसरलेल्या लाटा, हे पाहा. क्रशरमधली खडी आणि नांगराच्या फाळानं उडालेले तुकडे यांवर घाव वेडेवाकडे, सगळ्या बाजूंनी आणि ताजे असतात. उचलू नका. झेंडी लावा, नंबर द्या, मिलिमीटरमध्ये लांबी-रुंदी-जाडी, दोन्ही बाजूंचे फोटो मोजपट्टीसह. नंतर दाखवायला म्हणून खिशात टाकलेला दगड हा फक्त दगड असतो. त्याची जागा गेली की माहितीही गेली.

किनाऱ्यावरच्या शिंपल्यांच्या ढिगात खाण्याजोगी, पूर्ण वाढलेली शिंपली, कोळसा, भाजलेले दगड असतील तर तो मिडन. लाटेनं आणलेल्या थरात लहानमोठी, झिजलेली, कुणी न खाणारी शिंपलीही मिसळलेली असतात. कातळावरच्या कोरीव चित्रांचे फोटो सकाळी किंवा संध्याकाळी, तिरप्या उन्हात काढा. रेषा उठून दिसावी म्हणून खडू फिरवायचा मोह कोकणच्या सड्यावर होतो तसा इथेही होतो. आवरा. खडूची पूड खाचेत बसते, आणि खडू फिरवणाऱ्यानं जी रेषा पाहिली तीच पुढच्या प्रत्येक फोटोत ‘मूळ’ ठरते. मानवी अवशेष दिसले तर काम थांबवा, परिसर मोकळा करा, पोलिसांना कळवा. फोटो नको.

यानंतरचा भाग इंजिनिअर मंडळी चाळून पुढे जातात. ज्यांची ती भूमी, त्यांचं म्हणणं नोंदीत कसं जातं? व्हिक्टोरियात वुरुंजेरी, बुनुराँग, वाडावुरुंग अशा लोकसमूहांच्या नोंदणीकृत संस्था आहेत आणि त्यांच्या हद्दीतल्या वारसा-व्यवस्थापन आराखड्याला मंजुरी त्याच देतात, त्यासाठी ३० दिवस. न्यू साउथ वेल्समध्ये या लोकांना सल्लामसलतीसाठी नाव नोंदवायला किमान १४ दिवस आणि मसुदा अहवालावर बोलायला किमान २८. हे दिवस ‘फ्लोट’, म्हणजे वेळापत्रकातली सैल जागा, नाहीत. एखाद्या टेकडीबद्दल एखाद्या आजी जे सांगतात त्याचा सारांश तुमच्या शब्दांत करू नका. त्यांचे शब्द, त्यांनी दिलेलं नाव आणि त्याचं त्यांचं स्पेलिंग ठेवा आणि त्यातलं काय लिहायचं नाही हेही विचारा. काही जागांची माहिती फक्त बायकांची, काहींची फक्त पुरुषांची. म्हणून कधीकधी तुम्हाला नेमका बिंदू न मिळता भलामोठा टाळायचा परिसर मिळतो, आणि त्यामागचं कारण सांगितलं जात नाही. ते कारण खोदत बसू नका, परिसर टाळा. आणि अशा जागेचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकताना लक्षात असू द्या, की फोटोच्या पोटात को-ऑर्डिनेट्स असतात. ही रजिस्टरं सरसकट सगळ्यांना खुली नसतात, ती याचसाठी.

नोंद उत्तम झाली की जागा वाचली, असंही नाही. वेस्टर्न ऑस्ट्रेलियात १९७२च्या कायद्याच्या कलम १८खाली जुकान गॉर्जच्या गुहांना धक्का लावायची परवानगी २०१३ मध्ये मिळाली. २०१४ च्या उत्खननात तिथला मानवी वावर ४६,००० वर्षं मागे जाणारा निघाला, चार हजार वर्षांपूर्वीचा माणसाच्या केसांचा विणलेला पट्टा निघाला. दिलेली परवानगी नव्या माहितीवरून पुन्हा तपासायची वाट त्या कायद्यात नव्हती. २४ मे २०२० ला रिओ टिंटो या खाण कंपनीनं सुरुंग लावले. पुतु कुंती कुरामा आणि पिनिकुरा लोकांची ती जागा गेली. याच राज्यात पोर्ट हेडलंडच्या बंदराशी निगडित एक पवित्र स्थळ रजिस्टरवरून उतरवलं होतं, कारण अधिकाऱ्यांच्या मते जागा ‘पवित्र’ ठरायला तिथे धार्मिक विधी व्हायला हवे होते. २०१५ मध्ये त्या राज्याच्या सुप्रीम कोर्टानं तो अर्थ चुकीचा ठरवला. फॉर्ममधल्या एका शब्दाचा अर्थ बदलून स्थळं पुसली जाऊ शकतात, हे त्यातून दिसलं. आणि व्हिक्टोरियात लेक बोलॅकजवळची ईल माशाच्या आकाराची दगडांची रांग रजिस्टरवर अनेक दशकं होती. २०२१ मध्ये तिचे काही दगड हलवले गेलेच.

म्हणून कामानंतरची नोंदही तेवढीच महत्त्वाची. परवानगी घेऊन स्थळाचा भाग काढला असेल तर न्यू साउथ वेल्समध्ये त्यासाठी वेगळा फॉर्म आहे: किती भाग गेला, किती उरला, वस्तू कुठे ठेवल्या. तो भरला जात नाही, आणि दहा वर्षांनी जागेवर न उरलेलं स्थळ रजिस्टरवर शाबूत दिसतं किंवा उरलेला अर्धा भाग ‘नष्ट’ म्हणून सोडून दिला जातो. त्या फॉर्मसाठी लागणारा ॲज-बिल्ट (काम झाल्यावर प्रत्यक्षाचा केलेला) सर्व्हे फक्त तुमच्याकडे असतो.

तर आमच्या मागण्या अशा. हेरिटेज कन्सल्टंटला पीडीएफ पाठवू नका, डेटम-झोन लिहिलेली व्हेक्टर फाइल पाठवा. अलाइनमेंट बदलली की त्याच दिवशी कळवा, महिन्याच्या मीटिंगची वाट पाहू नका. तुमच्या ऑफिसात जुने फील्ड बुक आणि प्लॅन असतील तर ते पाहू द्या. टूलबॉक्स मीटिंगमध्ये एक्सकॅव्हेटर चालवणाऱ्याला नो-गो हद्द ड्रॉइंगवर नाही, जमिनीवर, खांब आणि दोरीसकट दाखवा. आणि रजिस्टरवरचा एखादा ठिपका पाण्यात किंवा स्विमिंग पुलात पडलेला दिसला तर हसून पुढे जाऊ नका, दुरुस्तीसाठी त्या राज्याच्या रजिस्ट्रारला लिहा. त्या पत्रात जुना आकडा, नवा आकडा आणि दोन्हींचे डेटम द्या.

आपले,
वारसास्थळांच्या नोंदणीचं काम करणारे काही मराठी सहकारी